कोंबडीला कोंबड्यांनीच टोचून जखम केली तर: घरगुती उपचारांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परसात पाच-दहा कोंबड्या पाळणाऱ्या घरांत कधी ना कधी एखादी कोंबडी पाठीवर, तुऱ्यावर किंवा शेपटीच्या मुळाशी रक्तबंबाळ झालेली आढळते आणि शोध घेतल्यावर हे काम मुंगसाचे किंवा बोक्याचे नसून खुराड्यातल्याच इतर कोंबड्यांचे आहे, असे लक्षात येते. अशा बहुतेक जखमा घरी, थोड्या साहित्यात आणि नियमित लक्ष देऊन बऱ्या होतात. काही जखमा मात्र घरी हाताळण्यासारख्या नसतात. दोन्हींमधला फरक ओळखता यावा आणि चांगल्या हेतूने केलेल्या चुकीच्या उपचारांनी पक्ष्याला आणखी त्रास होऊ नये, यासाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत.

जखम दिसताच सर्वांत आधी काय करावे?

औषध शोधण्याआधी त्या कोंबडीला इतरांपासून वेगळे करावे. कोंबड्यांना लाल रंग आणि ओली, चमकणारी जागा चटकन दिसते. एकीने चोच मारली की दुसरी मारते, आणि सकाळी नखाएवढी असलेली जखम संध्याकाळपर्यंत तळहाताएवढी होऊ शकते. तिला कळपातच ठेवून कितीही चांगले औषध लावले, तरी त्याचा उपयोग होत नाही, कारण लावलेले औषधही टोचले जाते आणि खपलीही उपटली जाते.

वेगळे ठेवण्यासाठी झरोके पाडलेले मोठे पुठ्ठ्याचे खोके, प्लॅस्टिकचा क्रेट किंवा जाळीचा पिंजरा चालतो. बांबूचे डालगे वापरायचे असल्यास ते इतर कोंबड्यांच्या वावरापासून दूर ठेवावे, कारण फटींतून चोच सहज आत जाते. तळाशी भुश्शाऐवजी स्वच्छ जुने सुती कापड किंवा वर्तमानपत्र पसरावे. लाकडाचा भुसा आणि माती ओल्या जखमेला चिकटतात. जागा शांत, सावलीची आणि अंधूक प्रकाशाची असावी. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली खोके ठेवू नये, कारण आधीच घाबरलेला पक्षी उष्णतेने लवकर गळून जातो.

रक्त थांबत नसेल तर काय करावे?

स्वच्छ सुती कापडाची किंवा गॉजची घडी जखमेवर ठेवून पाच ते दहा मिनिटे सलग दाबून धरावी. मध्येच उचलून पाहण्याचा मोह टाळावा, कारण दर वेळी नुकती धरलेली गाठ सुटते. तुऱ्याला रक्तपुरवठा भरपूर असल्यामुळे तिथली लहानशी जखमही भीतिदायक दिसते, परंतु ती बहुधा दाबानेच थांबते. तुटलेले नख किंवा चोचीचे टोक यांतून रक्त येत असेल, तर कॉर्नफ्लोअरची चिमूट दाबून लावता येते. उघड्या मांसल जखमेत मात्र पीठ भरू नये.

नव्याने उगवणाऱ्या पिसाच्या नळीत रक्त असते. असे कोवळे पीस टोचून तुटले, तर त्याच्या बुंध्यातून बराच वेळ थेंब-थेंब रक्त गळत राहते. तिथेही दाब हाच पहिला उपाय आहे, आणि पंधरा-वीस मिनिटांनंतरही गळती चालू राहिली तर पशुवैद्यकाची मदत घ्यावी.

किती रक्त गेले म्हणजे काळजी करावी, याचा एक ढोबळ हिशेब सांगता येतो. निरोगी पक्षी आपल्या वजनाच्या सुमारे १ टक्का रक्त गेले तरी ते सहन करतो, म्हणजे २ किलोच्या कोंबडीचे साधारण २० मिली. यापेक्षा बरेच अधिक रक्त गेले असेल, तुरा फिकट पडला असेल आणि कोंबडी मान टाकून बसली असेल, तर तिला उबदार ठेवून लगेच दवाखान्यात न्यावे.

जखम किती मोठी आहे, हे कसे पाहावे?

कोंबडीला टॉवेलमध्ये सैलसर गुंडाळून, डोके झाकून, मांडीवर घ्यावे. पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला स्नायूंचा पडदा, नसते. छातीचे हाड पुढे-मागे हलले तरच त्यांना श्वास घेता येतो. त्यामुळे छातीभोवती घट्ट पकड बसली की पक्षी गुदमरतो. पंख अंगालगत धरावेत आणि छाती मोकळी ठेवावी.

जखमेभोवतीची रक्ताने चिकटलेली पिसे कोमट पाण्याने भिजवून सैल करावीत आणि बोथट टोकाच्या कात्रीने मुळापासून थोडे वर कापावीत. पिसे उपटू नयेत. पक्ष्यांची त्वचा फार पातळ असते आणि पिसाबरोबर ती फाटते. पिसे बाजूला झाली की अनेकदा जखम वरून दिसत होती त्याहून मोठी निघते, म्हणून हा टप्पा टाळू नये.

या वेळी एक गोष्ट अनेकांना घाबरवते. टोचल्यानंतर दोन-तीन दिवसांनी जखमेभोवतीची कातडी हिरवट दिसू लागते आणि मांस सडू लागले असा समज होतो. पक्ष्यांमध्ये साकळलेल्या रक्ताचे विघटन होताना हिरवे रंगद्रव्य तयार होते, त्यामुळे मुका मार हिरवाच दिसतो. दुर्गंधी नसेल, कातडी मऊ असेल आणि कोंबडी खात-पीत असेल, तर केवळ हिरवेपणामुळे काळजी करण्याचे कारण नाही.

ही टोचल्याचीच जखम आहे, हे कशावरून ओळखावे?

जागेवरून बरेच कळते. टोचल्याच्या जखमा प्रामुख्याने शेपटीच्या मुळाशी, गुदद्वाराभोवती, पाठीवर, डोक्याच्या मागच्या बाजूस, तुऱ्यावर आणि पायांच्या बोटांवर आढळतात. आसपासची पिसे तुटलेली किंवा नाहीशी झालेली असतात. दोन्ही कुशींवर, पंखांच्या खाली लांबट चिरे असतील आणि मानेमागची पिसे गेली असतील, तर ते बहुधा कोंबड्याच्या वारंवार चढण्यामुळे आणि त्याच्या पायाच्या काट्यामुळे झालेले असते. खोल, एकमेकांपासून ठरावीक अंतरावर असलेली छिद्रे दिसली, तर मांजर, कुत्रा किंवा मुंगूस यांचा चावा समजावा. चाव्याच्या जखमा वरून लहान दिसल्या तरी आत जंतू खोलवर जातात, विशेषतः मांजराच्या चाव्यात, आणि त्यांत त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे जाणे आवश्यक असते.

तुऱ्यावर आणि चोचीच्या आसपास काळपट, खडबडीत खपल्या असतील, तर देवी रोगाची शक्यता लक्षात घ्यावी. हा विषाणुजन्य रोग डास चावल्याने पसरतो, त्यामुळे पावसाळ्यात आणि त्यानंतर तो अधिक आढळतो. टोचल्याची खपली सहसा एका-दोन ठिकाणी आणि वेडीवाकडी असते, तर देवीचे फोड आधी फिकट, मग पिवळसर आणि शेवटी काळपट होत जातात आणि एकापेक्षा अधिक पक्ष्यांवर दिसतात. देवीच्या खपल्या खरवडून काढू नयेत.

तुरा निळा-काळा पडणे, चेहरा सुजणे आणि एकापाठोपाठ एक कोंबड्या अचानक मरणे, हे चित्र टोचण्याचे नाही. तो बर्ड फ्लू असू शकतो. २००६ साली भारतातला त्याचा पहिला उद्रेक नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे नोंदवला गेला होता. अशा वेळी मेलेल्या पक्ष्यांना हात न लावता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला तत्काळ कळवावे.

जखम कशाने धुवावी?

मिठाच्या पाण्याने. संपूर्ण उपचारात हाच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, असे माझे ठाम मत आहे. नीट धुतलेली आणि नंतर फारसे काही न लावलेली जखम, न धुता महागडे मलम थापलेल्या जखमेपेक्षा लवकर भरते.

१ लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्यावे आणि त्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा सपाट दीड चमचा, विरघळवावे. औषधाच्या दुकानात मिळणारी नॉर्मल सलाईनची बाटली हेच काम अधिक निर्जंतुकपणे करते आणि ती महागही नसते. सुई काढून टाकलेल्या २० मिलीच्या सिरिंजने बेताच्या जोराची धार मारावी. हेतू हा, की माती, भुसा, वाळलेले रक्त आणि पिसांचे तुकडे वाहून जावेत. कापसाने घासू नये. कापसाचे तंतू जखमेत अडकतात. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावे आणि मोठ्या जखमेसाठी १०० ते २०० मिली पाणी लागले तरी हात आखडता घेऊ नये.

पहिल्या धुण्यानंतर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक वापरता येते, मात्र ते बाटलीतून जसेच्या तसे ओतू नये. बाजारात मिळणारे ५ किंवा १० टक्क्यांचे द्रावण पाण्यात मिसळून फिकट चहाच्या रंगाचे करावे. त्याहून तीव्र द्रावण जंतूंबरोबर नव्याने तयार होणाऱ्या पेशीही मारते. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सर्जिकल स्पिरिट याच कारणासाठी उघड्या जखमेवर वापरू नये.

एक अपवाद मात्र कटाक्षाने पाळावा. पाठीवरच्या किंवा कुशीतल्या जखमेतून श्वासाबरोबर बुडबुडे येत असतील किंवा जखम पोटाच्या पोकळीपर्यंत गेलेली दिसत असेल, तर तिच्यात कोणताही द्रव सोडू नये. पक्ष्यांच्या शरीरात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या दूरवर पसरलेल्या असतात, आणि त्यांत पाणी शिरले तर पक्षी दगावू शकतो. अशी जखम ओलसर स्वच्छ गॉजने झाकून थेट दवाखाना गाठावा.

हळद लावावी का?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि त्यामागचा विश्वास समजण्यासारखा आहे. हळदीत जंतूंना रोखणारे आणि दाह कमी करणारे घटक आहेत आणि तिच्या पिवळ्या रंगामुळे जखमेचा लाल रंग झाकला जातो, ज्याचा टोचणे थांबवण्यात थोडा उपयोग होतो. तरीही स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते. डब्यात रोज चमचा जातो, आणि सुट्या हळदीत रंगाची किंवा पिठाची भेसळही असू शकते. खोल जखमेत भरलेली पूड रक्तात कालवली जाऊन घट्ट थर बनते, त्याखाली ओल साठते आणि आत काय चालले आहे ते दिसेनासे होते. वरवरच्या, धुऊन कोरड्या केलेल्या ओरखड्यावर घरी दळलेल्या हळदीचा पातळ थर देण्यास माझी हरकत नाही. मांस दिसत असलेल्या जखमेत हळद भरू नये. चुना मिसळलेली हळद तर कोणत्याही जखमेवर लावू नये, कारण चुन्याने कातडी भाजते.

कोणते मलम चालते?

चालते ते थोडे आणि पातळ. तेलकट मलम पिसांना माखले की पिसांची ऊब धरण्याची क्षमता जाते, आणि कोंबडी चोचीने पिसे साफ करताना ते मलम पोटातही जाते. त्यामुळे मलम फक्त जखमेपुरते लावावे. जखम कोरडी पडून तडकत असेल, विशेषतः डोक्याची कातडी सोलली गेली असेल, तर ती ओलसर ठेवण्यासाठी पशुवैद्यक अनेकदा सिल्व्हर सल्फाडायझिनचे क्रीम सुचवतात. डोक्याची कातडी बरीच गेलेल्या कोंबड्याही नीट देखभालीने बऱ्या होतात.

शुद्ध मध जखमेला ओलसर ठेवतो आणि जंतूंची वाढ रोखतो. तो लावायचा असेल तर कोंबडी घरात, जाळीच्या आत असायला हवी आणि खोक्याचे पाय किंवा विटा पाण्याच्या वाटीत ठेवायला हव्यात, कारण आपल्याकडे मधाला मुंग्या लागायला अर्धा तासही पुरतो, आणि अडकून पडलेल्या पक्ष्याला मुंग्यांपासून सुटका नसते.

दोन प्रकारची मलमे टाळावीत. त्वचारोगांसाठी घरोघरी असणाऱ्या मिश्र क्रीममध्ये बहुधा क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन यांसारखे स्टेरॉइड असते. ते जखम भरणे लांबवते आणि पातळ त्वचेतून शरीरात शोषले जाते. बधिरता आणणारी, म्हणजे बेन्झोकेन किंवा लिग्नोकेन असलेली मलमेही पक्ष्यांना घातक ठरू शकतात. ट्यूबवरील घटकांची नावे वाचल्याशिवाय काहीही लावू नये. जेन्शन व्हायोलेट हे जांभळे औषध पूर्वी लाल रंग झाकण्यासाठी सर्रास वापरले जाई. अंडी किंवा मांस खाण्यासाठी पाळलेल्या पक्ष्यावर ते न वापरणे बरे.

डांबर, रॉकेल, टर्पेंटाइन किंवा फिनाईल लावले तर?

लावू नये. गुराढोरांच्या जखमांवर यांपैकी काही वापरण्याची जुनी सवय आहे, म्हणून ती कोंबडीवरही चालतील असे वाटते. कोंबडीचे वजन गाईच्या शंभर-दोनशेपटीने कमी असते, तिची श्वसनसंस्था वाफांना अतिशय संवेदनशील असते आणि अंगावर लावलेले सर्व ती चोचीने पोटात घेते. यांतून कातडी भाजणे, विषबाधा आणि मृत्यू असे परिणाम होऊ शकतात.

पट्टी बांधावी किंवा टाके घालावेत का?

अंगावरच्या जखमेला सहसा पट्टी लागत नाही. ती घसरते, पिसांत गुंतते आणि दमट हवेत तिच्याखाली घाम नसला तरी ओल साठते. बोटांच्या जखमेला मात्र गॉज आणि त्यावर सैलसर सूती पट्टी गुंडाळता येते, जी रोज बदलावी आणि बोट सुजत नाही ना हे पाहावे. घरी टाके घालण्याचा प्रयत्न करू नये. टोचल्याच्या जखमा मुळातच दूषित असतात, आणि कडा ओढून शिवल्यास जंतू आत कोंडले जातात. कातडीचा मोठा तुकडा लोंबत असेल तर तो शिवायचा, कापायचा की तसाच ठेवायचा, हे पशुवैद्यकाने ठरवावे.

माश्या बसू नयेत म्हणून काय करावे? अळ्या पडल्या तर?

महाराष्ट्राच्या हवामानात, विशेषतः कोकणात पावसाळ्यात, टोचण्याइतकाच हा धोका मोठा आहे. उष्ण आणि दमट दिवसांत माशीने घातलेल्या अंड्यांतून २४ तासांच्या आत अळ्या बाहेर येतात. म्हणून खोक्यावर मच्छरदाणीचे कापड ताणून बांधावे, विष्ठा दिवसातून किमान दोनदा काढावी, आणि जखमेभोवतीची विष्ठेने माखलेली पिसे कापून टाकावीत. कडुनिंबाचे तेल जखमेत न घालता तिच्या भोवतालच्या पिसांवर अगदी थोडे लावल्यास माश्या काही प्रमाणात दूर राहतात.

जखमेच्या कडेला तांदळाच्या कणीएवढे पांढरे पुंजके दिसले, तर ती माशीची अंडी असतात; ती चिमट्याने किंवा ओल्या गॉजने लगेच काढावीत. अळ्या पडल्या असतील, ज्याला ग्रामीण भागात आसडी पडणे असेही म्हणतात, तर मिठाच्या कोमट पाण्याने वारंवार धुऊन दिसतील त्या सर्व चिमट्याने काढाव्यात आणि दर तीन-चार तासांनी पुन्हा पाहावे, कारण आत शिरलेल्या अळ्या काही वेळाने वर येतात. अळ्या खोलवर असतील, गुदद्वाराजवळ असतील किंवा दुसऱ्या दिवशीही सापडत असतील, तर घरगुती प्रयत्न थांबवावेत. अळ्या मारण्याचे औषध आणि त्याची मात्रा पक्ष्याच्या वजनानुसार पशुवैद्यकच देऊ शकतो.

रोज काय करावे आणि किती दिवसांत फरक पडतो?

पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ जखम पाहावी आणि एकदा धुवावी. त्यानंतर स्वच्छ आणि कोरडी होत चाललेली जखम रोज धुण्याची गरज नसते, नुसती पाहणी पुरते. खपली आपणहून पडू द्यावी. वरवरची जखम आठ-दहा दिवसांत भरत आलेली दिसते. खोल जखमेला तीन आठवडे किंवा त्याहून अधिक लागतात. पिसांची मुळे शाबूत असतील तर नवी पिसे साधारण सहा ते आठ आठवड्यांत येतात. तुटलेल्या पिसाचा बुंधा कातडीतच राहिला असेल, तर तिथले नवे पीस पुढच्या पिसे गळण्याच्या हंगामानंतरच येते.

पक्ष्यांच्या जखमेत पू वाहताना दिसत नाही, हे ध्यानात ठेवावे. त्यांचा पू घट्ट, पिवळसर आणि चुरा होणारा असतो, त्यामुळे जखमेखाली कडक गाठ हाताला लागली तर तो संसर्ग असू शकतो आणि तो मलमाने निघत नाही. अंग गरम लागते म्हणून ताप आला असेही समजू नये, कारण कोंबडीचे नेहमीचे तापमानच ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते. प्रकृती कळण्याचा सोपा मार्ग म्हणजे रोज एकाच वेळी वजन करणे आणि विष्ठा पाहणे.

दुखणे कमी व्हावे म्हणून माणसांची गोळी देता येईल का?

नाही. कोंबडीला वेदना होतात, आणि ती त्या लपवते. शिकार होणाऱ्या प्राण्यांचा तो स्वभावच आहे. त्यामुळे वेदनाशामक देण्याची इच्छा योग्य आहे, पण औषध पशुवैद्यकाने ठरवलेलेच असावे. डायक्लोफेनॅक पक्ष्यांच्या मूत्रपिंडांवर किती घातक परिणाम करते, हे भारताने गिधाडांच्या बाबतीत पाहिले आहे. हे औषध दिलेल्या जनावरांची मढी खाऊन गिधाडे मोठ्या संख्येने मेली, आणि २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. ॲसेक्लोफेनॅक आणि केटोप्रोफेन यांच्यावरही २०२३ साली जनावरांसाठी बंदी घालण्यात आली. पक्ष्यांसाठी पशुवैद्यक बहुधा मेलॉक्सिकॅम लिहून देतात, तेही वजन मोजूनच.

प्रतिजैविक द्यावे का?

स्वच्छ, वरवरच्या जखमेला त्याची गरज नसते. पाण्यात अंदाजाने पूड टाकून देणे तर पूर्णतः चुकीचे आहे, कारण आजारी कोंबडी पाणी कमी पिते आणि तिला अपुरी मात्रा मिळते, ज्यातून औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात. याच चिंतेतून कोलिस्टिन या औषधावर भारतात २०१९ साली अन्नासाठी पाळलेल्या जनावरांपुरती बंदी घालण्यात आली.

तिला खायला-प्यायला काय द्यावे?

नेहमीचे खाद्य थोड्या पाण्यात भिजवून द्यावे. ते चोचीने उचलायला सोपे जाते. त्यात उकडलेल्या अंड्याचा चुरा मिसळावा, कारण नवी कातडी आणि पिसे यांसाठी प्रथिनांची गरज वाढते. रक्त गेलेल्या कोंबडीला पहिल्या दिवशी ओआरएसचे पाणी पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच ठेवता येते, त्याबरोबर साधे पाणीही असावे. चोच उघडून सिरिंजने पाणी घशात ओतू नये, ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. चोचीच्या कडेला थेंब लावले की ती स्वतः गिळते. २४ तास काहीच खाल्ले नाही तर वाट पाहू नये.

गुदद्वारालाच टोचले असेल तर?

या जखमेला मी सर्वांत गंभीर मानतो. अंडे घालताना आतला लालसर भाग क्षणभर बाहेर दिसतो. उघड्या, उजेडातल्या जागी अंडे घालणाऱ्या कोंबडीला इतर त्याच वेळी टोचतात आणि काही मिनिटांत आतडीही ओढली जाऊ शकतात. भाग केवळ सुजलेला आणि ओरखडलेला असेल तर कोमट मिठाच्या पाण्याने धुऊन, कोंबडीला अंधाऱ्या जागी ठेवून दर काही तासांनी पाहावे. अंधारात ठेवल्याने अंडी घालणेही मंदावते. अंग बाहेर आलेले असेल तर ते ओलसर ठेवावे, साखर दाबल्याने सूज काही अंशी उतरते, पण ते आत बसवण्याचे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. आतडी दिसत असतील तर पक्षी वाचण्याची शक्यता फार कमी असते, आणि पशुवैद्यकाकडून वेदनारहित मरण मागणे ही त्याच्यावरची दयाच आहे.

कोणत्या जखमा घरी हाताळू नयेत?

डोळ्याची जखम, हाड दिसणारी जखम, बुडबुडे येणारी जखम, पोट किंवा गुदद्वार उघडे पडलेली जखम, प्राण्याचा चावा, दुर्गंधी येणारी जखम, आणि कोंबडी उभी राहू शकत नसेल तर कोणतीही जखम. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कोंबड्यांवरही उपचार होतात, आणि फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. मुंबईत परळला, तसेच नागपूर आणि शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत.

कळपात परत केव्हा आणि कसे सोडावे?

जखम पूर्ण कोरडी होऊन लाल रंग दिसेनासा होईपर्यंत सोडू नये. फार दिवस एकटी राहिलेली कोंबडी कळपाला परकी वाटते. कोंबड्यांमध्ये कोण कोणाला टोचू शकते याचा पक्का क्रम असतो, हे नॉर्वेतील अभ्यासक थोरलाइफ श्येल्डरुप-एब्ब यांनी १९२१ साली दाखवून दिले; गैरहजर राहिलेल्या कोंबडीला आपली जागा नव्याने मिळवावी लागते. म्हणून पहिले दोन दिवस झाले की शक्य असल्यास तिचा पिंजरा इतरांना दिसेल, पण चोच पोहोचणार नाही, अशा अंतरावर ठेवावा. सोडताना मोकळ्या अंगणात, खाद्य दोन-तीन ठिकाणी पसरून सोडावे आणि पहिला तासभर तिथेच थांबावे. सारख्या त्रास देणाऱ्या एका कोंबडीलाच काही दिवस बाजूला काढले, तर तिचा क्रम खाली येतो आणि जखमी कोंबडीची वाट सोपी होते.

मुळात त्या टोचतात का?

कारण सापडल्याशिवाय उपचार अपुरे राहतात, कारण पुढच्या आठवड्यात दुसरी कोंबडी जखमी होते. दाटी हे पहिले कारण आहे: रात्रीच्या खुराड्यात प्रत्येक पक्ष्याला किमान ३ ते ४ चौरस फूट आणि दिवसा वावरायला ८ ते १० चौरस फूट जागा हवी. पावसाळ्यात आठ-आठ दिवस कोंबड्या कोंडून राहतात तेव्हा हेच प्रमाण बिघडते, आणि करमणुकीसाठी टांगलेली पालेभाजीची जुडी तेव्हा खरोखर उपयोगी पडते.

दुसरे मोठे कारण आहार. केवळ तांदूळ, कणी, ज्वारी आणि उरलेली पोळी यांवर वाढणाऱ्या कोंबडीला प्रथिने, त्यांतही मिथिओनिन हा प्रथिनांमधला घटक, कमी पडतो. मग ती इतरांची पिसे खाऊ लागते. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिने असावीत. कोकणात सुकट, इतरत्र बुरशी न लागलेली शेंगदाण्याची पेंड यांचा आधार घेता येतो. खाद्यात मिठाचे प्रमाण सुमारे ०.३ टक्के लागते. ते कमी पडले तरी टोचणे वाढते, मात्र अंदाजाने पाण्यात मीठ टाकू नये, जास्त मीठ पक्ष्यांना विषासारखे बाधते.

याखेरीज प्रखर दिवा, उन्हाळ्याची काहिली, एकच खाद्यभांडे, चार-पाच कोंबड्यांमागे अंडी घालण्याचे एकही अंधारे खोके नसणे, पिसांतल्या उवा, वेगवेगळ्या वयाचे पक्षी एकत्र करणे, ही कारणे तपासावीत. असील जातीच्या पक्ष्यांत भांडखोरपणा मुळातच अधिक असतो. त्यांना गिरिराज किंवा वनराज या जातींच्या तलंगांबरोबर, म्हणजे तरुण कोंबड्यांबरोबर, ठेवताना विशेष लक्ष द्यावे. आठ-दहा कोंबड्यांमागे एकच कोंबडा असावा.

टोचणाऱ्या कोंबडीची चोच कापावी का?

घरी कधीही कापू नये. चोचीत मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या असतात, आणि परसात चरणाऱ्या कोंबडीला किडे, गवत टिपण्यासाठी चोचीचे टोक लागते. जागा, उजेड आणि आहार दुरुस्त केल्यानंतरही एखादी थांबत नसेल, तर ती दुसऱ्या कळपात देणे किंवा स्वतंत्र ठेवणे अधिक योग्य.

उपचार चालू असलेल्या कोंबडीची अंडी खावीत का?

केवळ मिठाच्या पाण्याने धुणे चालू असेल तर अंडी खाण्यास हरकत नाही. कोणतेही औषध पोटातून किंवा इंजेक्शनने दिले असेल, किंवा प्रतिजैविकाचे मलम मोठ्या जागेवर लावले असेल, तर ते औषध अंड्यात उतरू शकते. औषधाच्या वेष्टनावर किती दिवस थांबावे ते दिलेले असते. तसा कालावधी निश्चित केलेला नसेल, तर भारतातल्या २०१२ सालच्या नियमानुसार शेवटच्या मात्रेनंतर अंड्यांसाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी किमान २८ दिवस थांबावे लागते. या काळातली अंडी विकू नयेत, शेजारी देऊ नयेत आणि इतर कोंबड्यांनाही खायला घालू नयेत. ती खड्ड्यात पुरावीत. औषधाचे नाव, तारीख आणि मात्रा खुराड्याजवळच्या वहीत लिहून ठेवल्यास हे दिवस मोजण्यात घोटाळा होत नाही, आणि पशुवैद्यकालाही पुढचा निर्णय घेणे सोपे जाते.